सोन्याच्या खाणीतून आलेला जुगारी, ज्यानं न्यूयॉर्कला बर्फावरची हॉकी विकली

हॉकी म्हटलं की आपल्याला मैदान, ध्यानचंद आणि ऑलिंपिकची सुवर्णपदकं आठवतात. अमेरिकेत हॉकी म्हटलं की बर्फ आठवतो. पायात स्केट्स घालून सुसाट धावणारे खेळाडू, रबराची काळी चकती आणि अधूनमधून होणारी हाणामारी.

पण शंभर वर्षांपूर्वी न्यूयॉर्कच्या बहुतेक लोकांना या खेळाशी देणंघेणं नव्हतं. खेळ कॅनडाचा, खेळाडू कॅनडाचे, नियमही तिथलेच. त्याच न्यूयॉर्कमध्ये दोन-तीन वर्षांत असं वातावरण तयार झालं की श्रीमंत मंडळी रात्रीचं जेवण उरकून, ठेवणीतला सूट चढवून हॉकी बघायला येऊ लागली.

हे घडवून आणण्यात एका माणसाचा मोठा वाटा होता. तो खेळाडू नव्हता, कोचही नव्हता. तो आधी गावचा पोलीसप्रमुख होता, मग सोनं शोधणारा, मग जुगाराचा अड्डा चालवणारा. त्याचं नाव जॉर्ज लुईस रिकर्ड. जग त्याला टेक्स रिकर्ड म्हणून ओळखतं.

रिकर्डचा जन्म १८७० सालचा, मिसुरी राज्यातल्या कॅन्सस सिटीचा. घरचे लोक टेक्सासला गेले आणि तो तिथेच वाढला. पोरवयातच गुरं हाकायच्या कामाला लागला. पुढे हेन्रिएटा नावाच्या गावात तो मार्शल झाला, म्हणजे गावचा पोलीसप्रमुख. तेव्हा त्यानं पंचविशीही ओलांडली नव्हती. १८९४ साली तिथल्याच एका डॉक्टरच्या मुलीशी त्याचं लग्न झालं. पुढच्या वर्षी मुलगा झाला. पण काही आठवड्यांत बायको गेली आणि त्यानंतर दोन महिन्यांच्या आत मुलगाही गेला.

त्याच वर्षाच्या शेवटी रिकर्डनं गाव सोडलं आणि थेट अलास्काची वाट धरली. त्या भागात सोनं सापडत असल्याच्या बातम्या येत होत्या. शेजारच्या कॅनडातल्या क्लोंडाइकमध्ये त्यानं आणि त्याच्या साथीदारानं जागा मिळवल्या आणि त्या विकून जवळपास ६० हजार डॉलर कमावले. त्या काळात एवढ्या पैशात माणूस जन्मभर बसून खाऊ शकत होता. रिकर्डनं त्यातून दारूचा गुत्ता उघडला, जुगार खेळला आणि सगळं घालवलं. मग दुसऱ्याच्या अड्ड्यावर पत्ते वाटायची आणि दारूचे प्याले भरायची नोकरी धरली.

तिथेच तो बॉक्सिंगचे सामने भरवायला शिकला. लांबलचक हिवाळा, करमणुकीला काही नाही आणि खिशात सोन्याची धूळ घेऊन फिरणारी माणसं. अशा लोकांना काय दाखवलं की ते पैसे काढतात, याचं शिक्षण त्याला त्या थंडीत मिळालं.

पुढे तो नेवाडातल्या गोल्डफील्डला आला. हेही खाणीचंच गाव. गावाचं नाव देशभर व्हावं म्हणून १९०६ साली तिथे लाइटवेट गटाच्या जागतिक विजेतेपदाची लढत भरवायचं ठरलं. जो गान्स विरुद्ध बॅटलिंग नेल्सन. बक्षीस होतं ३० हजार डॉलर. एवढी रक्कम एका खाणीच्या गावात खरंच आहे का, अशी शंका कुणालाही आली असती. रिकर्डनं ती रक्कम सोन्याच्या नाण्यांमध्ये आणवली आणि बँकेच्या खिडकीत नाण्यांच्या थप्प्या रचून ठेवल्या. त्या थप्प्यांची बातमी देशभर छापून आली. लढत ४२ फेऱ्या चालली आणि गान्स जिंकला. पण लढतीइतकीच चर्चा त्या खिडकीची झाली.

यातून रिकर्डला त्याच्या धंद्याचं सूत्र सापडलं. लोक नुसता खेळ बघायला पैसे देत नाहीत. खेळाच्या आधी त्यांच्या कानावर एक गोष्ट पडावी लागते.

या सूत्राची काळी बाजूही लवकरच दिसली. १९१० साली त्यानं रिनोमध्ये जॅक जॉन्सन आणि जिम जेफ्रीज यांची लढत भरवली. जॉन्सन हा हेवीवेटचा पहिला कृष्णवर्णीय विश्वविजेता. जेफ्रीज हा निवृत्त गोरा विजेता, त्याला मुद्दाम परत आणलेलं. काळा विरुद्ध गोरा हीच त्या लढतीची जाहिरात झाली. पंच म्हणून रिकर्ड स्वतःच रिंगमध्ये उभा राहिला. जॉन्सन सहज जिंकला आणि अमेरिकेतल्या अनेक शहरांत दंगली उसळल्या. त्यात कित्येकांचे जीव गेले, आणि त्यात कृष्णवर्णीय जास्त होते. गोष्ट विकली गेली होती, पण तिची किंमत भलत्यांनीच मोजली होती.

मधली काही वर्षं रिकर्ड दक्षिण अमेरिकेतल्या पॅराग्वेमध्ये गुरांचा व्यवसाय करत होता. परत आला आणि त्याला जॅक डेम्प्सी नावाचं नाणं सापडलं. १९२१ साली जर्सी सिटीत त्यानं डेम्प्सीसमोर फ्रान्सचा जॉर्ज कार्पेंटिए उभा केला. कार्पेंटिए पहिल्या महायुद्धात लढलेला देखणा वीर, तर डेम्प्सीवर लष्करभरती चुकवल्याचा आरोप झालेला. कोर्टानं त्याला निर्दोष ठरवलं होतं, तरी लोकांच्या मनात तो खलनायकच होता. लाकडाच्या भल्यामोठ्या स्टेडियममध्ये सुमारे ८० हजार लोक जमले. तिकीटविक्री झाली १७ लाख ८९ हजार डॉलरची. बॉक्सिंगच्या इतिहासात दहा लाखांचा आकडा तेव्हा पहिल्यांदा ओलांडला गेला.

१९२२ साली मात्र सगळं संपल्यासारखं झालं. अल्पवयीन मुलींच्या लैंगिक अत्याचाराच्या आरोपाखाली रिकर्डवर न्यूयॉर्कमध्ये खटला चालला. ज्युरीनं त्याला निर्दोष सोडलं आणि तो पुन्हा कामाला लागला.

आता त्याच्या डोक्यात होती एक इमारत. १९२० पासून तो न्यूयॉर्कचं जुनं मॅडिसन स्क्वेअर गार्डन भाड्यानं चालवत होता. ती इमारत पाडायचं ठरलं, तेव्हा त्यानं शहरातल्या धनिकांना गाठून भांडवल उभं केलं आणि आठव्या ॲव्हेन्यूवर नवं गार्डन बांधलं. खर्च सुमारे साडेसत्तेचाळीस लाख डॉलर. वेळ लागला फक्त २४९ दिवस.

इमारत उभी राहिली, पण खरा प्रश्न पुढेच होता. मोठी बॉक्सिंग लढत वर्षातून मोजक्या वेळा होते. सर्कस वसंत ऋतूत येऊन जाते. मग हिवाळ्यातल्या बाकीच्या रात्री काय करायचं? रिकामी खुर्ची भाडं देत नाही. रिकर्डला असा खेळ हवा होता जो छपराखाली चालेल, हिवाळाभर चालेल आणि ज्यासाठी लोक आठवड्यामागून आठवडा परत येतील.

नॅशनल हॉकी लीग १९१७ साली माँट्रियालमध्ये सुरू झाली होती आणि सुरुवातीला तिचे सगळे संघ कॅनडाचेच होते. १९२४ साली बोस्टनला अमेरिकेतला पहिला संघ मिळाला. न्यूयॉर्कमध्येही हॉकी आणावी म्हणून काही मंडळी रिकर्डच्या मागे लागली होती. त्याला आधी फारसा उत्साह नव्हता. पण असं सांगतात, की माँट्रियालचा हौवी मोरेंझ बर्फावर धावताना बघितला आणि रिकर्डचं मत बदललं. नव्या गार्डनमध्ये कृत्रिम बर्फ तयार करणारी यंत्रणा बसली.

संघही तयार मिळाला. कॅनडातल्या हॅमिल्टनचा संघ १९२५ साली लीगमध्ये पहिला आला होता. सामने वाढवले, मग जादा मेहनताना द्या, म्हणून त्यांचे खेळाडू संपावर गेले. लीगनं त्यांना निलंबित केलं आणि पुढे ते खेळाडू ७५ हजार डॉलरना न्यूयॉर्कला विकले गेले. घेणारा होता बिल ड्वायर. अमेरिकेत दारूबंदी होती आणि हा गडी चोरट्या दारूवर गब्बर झालेला. संघाचं नाव ठेवलं न्यूयॉर्क अमेरिकन्स. खेळाडूंच्या अंगावर तारे आणि पट्टे, म्हणजे जणू अमेरिकेचा झेंडाच. आत मात्र बहुतेक कॅनडाची पोरं.

१५ डिसेंबर १९२५ च्या रात्री गार्डनमधला पहिला हॉकी सामना झाला. लष्करी बँड, दागिन्यांनी मढलेल्या बायका आणि खचाखच भरलेल्या खुर्च्या. यजमान संघ माँट्रियालकडून ३-१ असा हरला. पण त्या रात्री निकालाची फिकीर फारशी कुणाला नव्हती. हॉकी बघायला जाणं ही आता मिरवण्याची गोष्ट झाली होती, आणि रिकर्डला नेमकं तेच हवं होतं.

गल्ला बघून त्यानं पुढचा हिशोब मांडला. दुसऱ्याच्या संघाकडून नुसतं भाडं का घ्यायचं? स्वतःचाच संघ का नको? गार्डनमध्ये दुसरा संघ येणार नाही, असा अमेरिकन्सच्या मालकाचा समज होता. तरीही १९२६ साली गार्डनचा स्वतःचा संघ उभा राहिला. टेक्सासच्या प्रसिद्ध घोडेस्वार दलाचं नाव टेक्सास रेंजर्स. पेपरवाल्यांनी त्यावर कोटी करून या संघाला टेक्सचे रेंजर्स म्हणायला सुरुवात केली. नाव चिकटलं ते कायमचं. आजचा न्यूयॉर्क रेंजर्स तो हाच.

संघ जमवायचं काम गार्डनचे अधिकारी कर्नल हॅमंड यांनी टोरंटोच्या कॉन स्मिथकडे दिलं. त्यानं बिल कुक, फ्रँक बाउचर, चिंग जॉन्सन असे एकापेक्षा एक खेळाडू आणले आणि पहिला सामना व्हायच्या आधीच त्याची नोकरी गेली. त्याच्या जागी आला लेस्टर पॅट्रिक. स्मिथनं पुढच्याच वर्षी टोरंटोचा संघ विकत घ्यायला पुढाकार घेतला. तोच आजचा टोरंटो मेपल लीफ्स.

आता एका हंगामात प्रत्येक संघाचे २२ सामने घरच्या बर्फावर. दोन संघ म्हणजे ४४ रात्री. रिकर्डच्या इमारतीचा हिवाळा मार्गी लागला.

जाहिरातीत तर कसलाच संकोच नव्हता. न्यूयॉर्कमध्ये ज्यू आणि इटालियन वस्ती मोठी. ते लोक कॅनडाच्या पोरांसाठी का ओरडतील? मग संघाच्या प्रसिद्धीवाल्यानं खेळाडूंची नावंच बदलली. गोलकीपर लॉर्न शाबोचा शाबोत्स्की झाला आणि ऑली रेनिक्का इटालियन वाटावा म्हणून रोक्को झाला. खेळाडूंना हे रुचलं नाही आणि प्रकार फार टिकला नाही. पण त्यामागचा विचार गोल्डफील्डच्या खिडकीतलाच होता. प्रेक्षकाला आपली बाजू सापडली पाहिजे.

रेंजर्सना मात्र खोट्या नावांची गरज पडली नाही. पहिल्याच हंगामात ते आपल्या गटात अव्वल आले. दुसऱ्या हंगामात, १९२८ साली, थेट अंतिम फेरीत गेले. आणि इथेच रिकर्डच्या धंद्याचं खरं रूप दिसलं. अंतिम फेरीच्या वेळी गार्डन सर्कससाठी दिलेलं होतं. सर्कस हलली नाही, हॉकी हलली. मालिकेतला प्रत्येक सामना प्रतिस्पर्धी संघाच्या गावात, माँट्रियालमध्ये झाला.

दुसऱ्या सामन्यात शाबोच्या डोळ्याला चकती लागली. बदली गोलकीपर नव्हता, बाहेरचा घ्यायला समोरच्या संघानं नकार दिला. शेवटी ४४ वर्षांचा कोच लेस्टर पॅट्रिक स्वतः पॅड बांधून गोलमध्ये उभा राहिला. रेंजर्सनी तो सामना जादा वेळेत २-१ असा जिंकला आणि पुढे मालिकाही जिंकली. लीगमधल्या अमेरिकी संघानं स्टॅनले कप उचलण्याची ही पहिलीच वेळ. घरच्या प्रेक्षकांनी त्यातला एकही अंतिम सामना बघितला नाही. पण जाहिरात म्हणून पॅट्रिकची ती गोष्ट शाबोत्स्कीपेक्षा कितीतरी पटीनं जास्त टिकली. कारण ती खरी होती.

रिकर्डला आता मोठ्या शहरांमध्ये अशी गार्डन्स उभी करायची होती. पहिलं बोस्टनला १९२८ च्या नोव्हेंबरमध्ये सुरू झालं. दुसरं त्याच्या हातून झालंच नाही. एका लढतीच्या तयारीसाठी तो मायामीला गेला असताना अपेंडिक्सचा त्रास झाला. ऑपरेशननंतर गुंतागुंत वाढली आणि ६ जानेवारी १९२९ ला तो गेला. चारच दिवसांपूर्वी त्यानं ५९ वर्षं पूर्ण केली होती. त्याचा मृतदेह न्यूयॉर्कला आणून अंत्यदर्शनासाठी ठेवला, तो गार्डनमध्येच. हजारो लोक रांगेनं येऊन गेले. ती इमारत भरायची त्याची ती शेवटची वेळ.

पुढे मंदी आली, मग महायुद्ध आलं. ड्वायरचा अमेरिकन्स संघ १९४२ साली बंद पडला. रेंजर्स टिकले. १९६७ पर्यंत लीगमध्ये सहाच संघ उरले होते, त्यातले चार अमेरिकेतले. त्यातल्या दोघांचं घर, न्यूयॉर्क आणि बोस्टनचं, रिकर्डनं बांधलेलं होतं.

अमेरिकेत आजही हॉकी ही फुटबॉल, बास्केटबॉल, बेसबॉलच्या मागेच असते. जिथे लहानपणी कुणी बर्फावर खेळलेलं नाही, तिथे हा खेळ कसा विकायचा, हा प्रश्न शंभर वर्षांनंतरही तोच आहे. आणि उत्तरही बरंचसं रिकर्डचंच वापरलं जातं. आधी इमारत, मग झगमगाट, मग एक गोष्ट. २०१६ साली लीगनं भर वाळवंटातल्या लास वेगासला संघ दिला, तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली. सहाव्या हंगामात, २०२३ साली, त्या संघानं स्टॅनले कप जिंकला.

लास वेगास नेवाडा राज्यात येतं. १९०६ साली एका जुगारी माणसानं बँकेच्या खिडकीत सोन्याच्या थप्प्या रचल्या होत्या, तेही याच राज्यात.