फुलदाणीतला रंगोत्सव

शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षा दिलेल्यांना वस्तुचित्राचा तास आठवत असेल. टेबलावर एक तांब्या, शेजारी दोन फळे, मागे चुण्या पडलेला पडदा. आकार प्रमाणात आला, छाया योग्य जागी पडली की गुण मिळत. हातावर बसवलेल्या या सरावात स्वतंत्र कला असू शकते, ही कल्पना आपल्याकडे बराच काळ कोणाच्या मनाला शिवली नव्हती. ती रुजवणाऱ्यांत कृष्णाजी हौळाजी आरा यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. स्वतः आरा मात्र कोणत्याही नामांकित कलाशाळेच्या मुशीतून घडलेले नव्हते.

आरा यांचा जन्म १९१४ मध्ये सिकंदराबादजवळच्या बोलारम येथे झाला. वडील मोटारचालक होते. आई लहानपणीच गेली आणि पोरवयातच मुलाने घर सोडून मुंबई गाठली. मोटारी धुणे, परक्यांच्या घरी घरगड्याचे काम करणे, हेच त्याचे शिक्षण ठरले. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात सहभागी झाल्याबद्दल त्यांना तुरुंगवासही घडला. हातात पैसा नव्हता, डोक्यावर हक्काचे छप्पर नव्हते; तरी मिळेल त्या फुरसतीत चित्रे काढण्याची ओढ काही सुटली नाही.

या ओढीला पहिली दाद दिली ती ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे कलासमीक्षक रूडी फॉन लायडन यांनी. त्याच वृत्तपत्राचे कलासंचालक, मूळचे ऑस्ट्रियाचे वॉल्टर लँगहॅमर यांनीही त्यांना प्रोत्साहन दिले. नाझी राजवटीच्या छायेतून मुंबईत आलेल्या या युरोपीय मंडळींच्या संगतीत येथील तरुण चित्रकारांना सेझान, मातिस यांच्या चित्रसृष्टीची ओळख झाली. आरा यांनी केतकरांच्या कलासंस्थेत काही काळ धडे गिरवले आणि १९४२ मध्ये मुंबईतील ‘चेतना’ उपाहारगृहात त्यांचे पहिले एकल प्रदर्शन भरले. १९४४ मध्ये गव्हर्नरच्या पारितोषिकाचे ते मानकरी ठरले.

पुढचे वळण सरळ नव्हते. आरा यांचे एक भव्य चित्र बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनात नाकारले गेले आणि त्या नाराजीतूनच नवा गट काढण्याच्या विचाराने उचल खाल्ली, असे सांगितले जाते. १९४७ मध्ये फ्रान्सिस न्यूटन सूझा, सय्यद हैदर रझा, मकबूल फिदा हुसेन, हरी अंबादास गाडे, सदानंद बाक्रे आणि आरा या सहा जणांनी ‘प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप’ स्थापन केला. १९४९ मध्ये गटाचे प्रदर्शन मुंबईत झाले. योगायोग असा की, १९५२ मध्ये त्याच बॉम्बे आर्ट सोसायटीने आरा यांना सुवर्णपदक दिले, आणि तेही एका वस्तुचित्रासाठी. त्या चित्राचे नाव होते ‘टू जग्ज’.

दोन साध्या भांड्यांत असे काय होते? आरा यांच्या चित्रांतील वस्तू राजवाड्यातल्या नसतात. फुलदाणी, बाटली, मडके, वाडग्यातली फळे अशी त्यांची मांडणी. परंतु ही भांडी टेबलावर निमूट बसत नाहीत. लाल, पिवळा, निळा हे रंग एकमेकांना भिडतात. रेषा कुठे जाड होते, कुठे तुटते. फुले फुलदाणीत न मावता चौकटीकडे झेपावतात. जलरंगही ते असे दाट लावत की पाहणाऱ्याला तैलरंगाचा भास व्हावा. वस्तू जशी दिसते तशी उतरवण्यापेक्षा ती पाहताना झालेला आनंद कागदावर यावा, हाच त्यांचा आग्रह दिसतो.

या मोकळेपणाची किंमतही त्यांना मोजावी लागली. त्यांचे रेखांकन कच्चे आहे, रचना सैल आहे, असे आक्षेप घेतले गेले. ते सर्वस्वी निराधार नव्हते. फुलदाण्यांची चित्रे त्यांनी विपुल काढली आणि त्यातली सारीच सारख्या तोलाची नाहीत. मात्र नेमकेपणाची जी उणीव त्यांच्यात दाखवली गेली, तिच्यातूनच त्यांच्या रंगांना श्वास घ्यायला जागा मिळाली, हेही विसरता येत नाही. फुलांइतक्याच निर्भयपणे त्यांनी नग्न स्त्रीदेह रंगवला. १९६३ मध्ये प्रदर्शित झालेली ‘ब्लॅक न्यूड’ ही मालिका त्याची साक्ष आहे.

सूझा १९४९ मध्ये लंडनला गेले, रझा १९५० मध्ये पॅरिसला. पुढे त्यांच्या चित्रांनी जागतिक लिलावांत कोट्यवधींची मजल मारली. आरा मात्र मुंबईतच राहिले. काळा घोडा परिसरातील ‘आर्टिस्ट्स सेंटर’च्या उभारणीत त्यांचा वाटा होता, तेथे सचिव म्हणून काम करताना धडपडणाऱ्या नवोदितांना आधार देणे त्यांनी आपले कर्तव्य मानले. १९८५ च्या जून महिन्यात मुंबईतच त्यांचे निधन झाले.

बालपणी घर गमावलेल्या आणि दुसऱ्यांच्या घरात राबलेल्या या माणसाने आयुष्यभर घरातल्याच वस्तू रंगवल्या. त्या पुसूनपासून जागेवर ठेवणे एवढेच ज्याच्या वाट्याला आले होते, त्याने त्यांना चित्राच्या मधोमध मानाने बसवले. आरा यांची फुलदाणी पाहून परतल्यावर आपल्याच स्वयंपाकघरातला तांब्या घटकाभर निराळा दिसू लागतो.