रयतेची तिजोरी रयतेसाठी उघडणारा राजा : राजर्षी शाहू महाराज

आपल्या विहाराच्या वर्धापनदिनी तथागत भगवान बुद्धांना आणि परमपूज्य बाबासाहेबांना वंदन करताना आपण राजर्षी शाहू महाराजांचं नाव घेतल्याशिवाय राहत नाही. फुले, शाहू, आंबेडकर ही तीन नावं आपल्या तोंडी एका दमात येतात. पण जोतीरावांची शाळा आणि बाबासाहेबांचा महाडचा सत्याग्रह आपल्या पोराबाळांना जेवढा ठाऊक असतो, तेवढं शाहू महाराजांचं काम ठाऊक नसतं. आरक्षण देणारा राजा, एवढं एक वाक्य सांगून आपण मोकळे होतो. म्हणून या स्मरणिकेत महाराजांचं चरित्र आम्ही आमच्या अल्पमतीप्रमाणे मांडत आहोत.

जन्म आणि राज्यारोहण

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. नाव यशवंतराव. कोल्हापूरच्या गादीला वारस नव्हता, तेव्हा राणी आनंदीबाईंनी १७ मार्च १८८४ रोजी त्यांना दत्तक घेतलं आणि शाहू हे नाव ठेवलं. राजकोटला आणि पुढे धारवाडला त्यांचं शिक्षण झालं. २ एप्रिल १८९४ रोजी राज्यकारभार त्यांच्या हाती आला. त्या वेळी वयाची वीस वर्षंही पुरी झाली नव्हती.

कारभार हातात घेऊन पाहतात तो काय? दरबारच्या ७१ जागांपैकी ६० जागांवर एकाच जातीची माणसं. राज्य मराठ्यांचं, शेतं कसणारे कुणबी, वेठीला राबणारे महार-मांग, खजिन्यात पैसा भरणारी सारी रयत. पण कचेरीत खुर्चीवर बसणारे मात्र मूठभर. पुढे १८९९ साली वेदोक्ताचं प्रकरण उभं राहिलं. पंचगंगेवर स्नानाच्या वेळी भटजी पुराणोक्त मंत्र म्हणत होता, कारण त्याच्या लेखी राजा शूद्र होता. छत्रपतींच्या गादीवर बसलेल्या माणसाची ही गत, तर गावकुसाबाहेरच्या माणसाची काय असेल, हे महाराजांना तिथं कळून चुकलं.

पन्नास टक्क्यांचा हुकूम

२६ जुलै १९०२. हा दिवस आपण घराघरांत लिहून ठेवला पाहिजे. त्या वेळी महाराज विलायतेला होते, पण हुकूम कोल्हापुरात निघाला. संस्थानच्या नोकरीत यापुढे ज्या जागा रिकाम्या होतील, त्यांपैकी निदान निम्म्या मागासलेल्या वर्गांतल्या माणसांना द्यायच्या. ज्या कचेरीत अशा माणसांचं प्रमाण निम्म्याहून कमी असेल, तिथं पुढची नेमणूक त्यांच्यातूनच करायची.

या हुकमात आणखी एक कलम होतं, त्याकडे लोकांचं लक्ष जात नाही. प्रत्येक खात्याच्या प्रमुखानं दर तीन महिन्यांनी केलेल्या नेमणुकांचा तक्ता दरबारात सादर करायचा. नुसता हुकूम काढला तर तो दप्तरात पडून राहतो, हे महाराज जाणून होते. म्हणून हुकमाच्या जोडीला त्यांनी हिशेब मागितला. आम्हा गिरणीच्या माणसांना हे लगेच उमगतं. साच्यावर किती कापड निघालं हे रोजच्या रोज लिहिलं नाही, तर महिनाअखेर सगळी बोंब.

पोरांच्या राहण्याजेवणाची सोय

नोकरी राखून ठेवली तरी ती घ्यायला शिकलेला माणूस हवा. खेड्यातलं पोर शहरात शाळेला आलं तर झोपणार कुठं, खाणार काय? महाराजांनी आधी सर्व जातींसाठी एकच वसतिगृह काढून पाहिलं. पण तिथं बहुजनांच्या पोरांना थारा मिळेना. मग १९०१ साली मराठा आणि जैन विद्यार्थ्यांची बोर्डिंगं निघाली. १९०६ साली मुसलमानांचं, १९०७ साली लिंगायतांचं, १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. शिंपी, पांचाळ अशा अनेक समाजांची बोर्डिंगं त्यांनी उभी केली. त्यांना जागा दिल्या, इमारती दिल्या, कायमची उत्पन्नं लावून दिली. ज्या त्या समाजालाही आपापली वर्गणी घालायला लावली. त्यामुळे एका वर्षी दान आलं आणि दुसऱ्या वर्षी चूल विझली, असं झालं नाही.

१९१७ साली महाराजांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. जो आईबाप पोराला शाळेत धाडणार नाही, त्याला महिन्याला एक रुपया दंड. त्या काळी रुपया म्हणजे चेष्टा नव्हती. १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद केल्या आणि त्यांची मुलं सर्वांच्या शाळेत बसवण्याचा हुकूम दिला. त्याच साली सरकारी दवाखाने, कचेऱ्या, पाणवठे इथं शिवाशीव पाळायची नाही असा कायदा केला. एका बाजूला पोर शिकवायचं आणि दुसऱ्या बाजूला त्याला दारातच उभं ठेवायचं, हे महाराजांना मान्य नव्हतं.

नोकरी, धंदा आणि माणुसकी

महार, मांग, रामोशी, बेरड या लोकांना चोर समजून रोज चावडीवर हजेरी द्यावी लागे. रोजची हजेरी म्हटल्यावर परगावी जाऊन मजुरी तरी कशी करणार? १९१८ साली महाराजांनी ही हजेरी बंद केली. फासेपारध्यांना जवळ बोलावलं, सोनतळीच्या कॅम्पाजवळ घरं दिली, पहारेकरी म्हणून नेमलं. ज्यांच्यावर जग चोरीचा आळ घेई, त्यांच्या भरवशावर हा राजा रात्री झोपत असे.

१९१८ साली कुलकर्णी वतनं खालसा करून महाराजांनी पगारी तलाठी नेमले. महारांच्या तरुणांना तलाठ्याचं काम शिकवून त्यांनाही त्या जागांवर घेतलं. काल ज्याला गावानं चावडीच्या पायरीशी उभं केलं, तो आज सातबारा लिहू लागला. त्याच साली महार वतनाच्या जमिनी रयतावा करून नावावर करून दिल्या आणि १९२० साली वेठबिगारी कायद्यानं बंद केली. अस्पृश्यांपैकी शिकलेल्यांना वकिलीच्या सनदा दिल्या. वाड्यावर माहूत, गाडीवान अशा कामांवरही आपल्या माणसांना घेतलं.

गंगाराम कांबळे यांची गोष्ट तर सर्वांनी मुलांना सांगावी अशी आहे. गंगाराम महाराजांच्या पागेत कामाला. वरच्या जातीच्या नोकरांच्या पाण्याला शिवला म्हणून त्यांनी त्याला बेदम मारलं. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली. पण तेवढ्यावर न थांबता गंगारामला पैसे देऊन कोल्हापुरात भर रस्त्यावर चहाचं हॉटेल घालून दिलं. हॉटेल निघालं खरं, पण महाराच्या हातचा चहा पिणार कोण? मग महाराज स्वतः दारात गाडी उभी करून चहा मागवू लागले. स्वतः प्यायचे आणि बरोबरच्या सरदार-कारभाऱ्यांनाही पाजायचे. सहीसाठी कागद घेऊन येणाऱ्यांनाही आधी गंगारामचा चहा घ्यावा लागे. भांडवल खजिना देईल, पण गिऱ्हाईक समाजच देतो. ते आणण्यासाठी राजाला स्वतः दुकानात जावं लागलं. त्याच गंगारामनं पुढे १९२५ साली पुढाकार घेऊन कोल्हापुरात महाराजांचं पहिलं स्मारक उभं केलं.

१९०६ साली महाराजांनी कोल्हापुरात शाहू मिलची स्थापना केली. राधानगरीचं धरण बांधायला घेतलं. १९१८ साली मुंबईत परळला कामगारांच्या सभेत येऊन त्यांनी संघटना बांधायचा सल्ला दिला. त्या वेळी मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसांना साचेखात्यात घेत नसत, कारण तुटलेला धागा धोट्यातून तोंडानं ओढावा लागे आणि त्याचा म्हणे इतरांना विटाळ होई. पगार जास्त त्या खात्यात, आणि दार बंद तेही त्याच खात्याचं. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हाच प्रश्न धसाला लावला.

बाबासाहेब आणि महाराज

बाबासाहेब परदेशातून शिकून आले आणि महाराजांना हवा होता तो माणूस दिसला. ‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० रोजी निघालं, त्याला महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली. २१ व २२ मार्च १९२० रोजी माणगावला परिषद झाली. तिथं महाराजांनी जमलेल्या लोकांना सांगितलं की तुमचा पुढारी तुम्हाला तुमच्यातूनच मिळाला आहे. गादीवरचा राजा आपलं पुढारीपण गाजवायला आला नव्हता, पुढारी दाखवून बाजूला व्हायला आला होता.

६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराजांचं निधन झालं. वयाची अठ्ठेचाळीस वर्षंही पुरी नव्हती. १९१९ साली कानपूरच्या कुर्मी समाजानं त्यांना राजर्षी ही पदवी दिली होती, ती लोकांनी कायमची त्यांच्या नावाला जोडली.

महाराज गेले, पण धागा तुटला नाही. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना १९४३ साली केंद्राच्या नोकऱ्यांत अस्पृश्यांसाठी ८ १/३ टक्के जागा राखल्या गेल्या. १९४४ साली मॅट्रिकनंतरच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती सुरू झाली. १९५० साली संविधानानं हा हक्क साऱ्या देशाला दिला.

आपल्यासाठी

आजही चाळीत, कचेरीत, लोकलच्या डब्यात आपल्या पोरांना टोमणा ऐकावा लागतो की तुम्ही सरकारचं फुकट खाता. पोरं बिचारी मान खाली घालतात. काही जण तर शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायलाही लाजतात. त्यांना आमचं सांगणं आहे, महाराजांचं चरित्र वाचा. ज्या तिजोरीतून त्यांनी वसतिगृहं बांधली, ती तिजोरी कुणी भरली होती? वेठीला राबलेल्या बापजाद्यांनी. काडेपेटी घेतली तरी आपण कर भरतो. त्या पैशातला आपला वाटा घेणं ही भीक नाही.

म्हणून विहारात येणाऱ्या आईबापांना विनंती आहे. दहावी-बारावी झालेल्या पोरांचे जातीचे दाखले वेळेवर काढा. शिष्यवृत्तीची तारीख चुकवू नका. परदेशी शिकायला जाणाऱ्या आपल्या मुलांसाठी महाराष्ट्र शासनाची शिष्यवृत्ती महाराजांच्याच नावानं आहे, तिची चौकशी करा. आणि ज्यांना नोकरी लागली त्यांनी दर तीन महिन्यांच्या त्या तक्त्याची आठवण ठेवावी. राखीव जागा किती, भरल्या किती, आपल्यासाठी ठेवलेला निधी खर्च झाला की परत गेला, हे विचारत राहावं. विचारणारा नसला तर हुकूम कागदावरच राहतो.

महाराजांनी राजा असून हिशेब मागितला. आपण तर आज मतदार आहोत, मालक आहोत. आपण का मागू नये?

राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.

नमो बुद्धाय! जय भीम!