विश्लेषण : रोटरीची पहिली समाजसेवा चक्क सार्वजनिक शौचालय! पॉल हॅरिस यांचा ‘क्लब’ कामाला कसा लागला?

शाळेतल्या पाण्याच्या टाकीवर, बसथांब्यावर, स्मशानभूमीतल्या बाकड्यावर निळ्या-सोनेरी रंगाचे दातेरी चाक तुम्ही पाहिले असेल. ते रोटरी क्लबचे चिन्ह. लायन्स क्लबचा सिंहही तितकाच ओळखीचा. मात्र अशा क्लबांचे नाव निघाले की हमखास एक शंका येते. डॉक्टर, वकील, व्यापारी एकत्र जमतात, जेवतात, फोटो काढतात. यात समाजसेवा किती आणि हौस किती?

ही शंका नवी नाही. रोटरी सुरू झाल्यावर जेमतेम वर्षभरात ती उपस्थित झाली आणि तिच्यामुळेच या क्लबची दिशा बदलली. त्यासाठी संस्थापक पॉल हॅरिस यांचे आयुष्य समजून घ्यावे लागते.

पॉल हॅरिस कोण होते?

पॉल पर्सी हॅरिस यांचा जन्म १९ एप्रिल १८६८ रोजी अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या रसीन या गावी झाला. वडिलांचे औषधांचे दुकान चालले नाही, घर कर्जात बुडाले. तीन वर्षांच्या पॉलला व्हरमाँट राज्यातल्या वॉलिंगफोर्ड या खेड्यात आजी-आजोबांकडे पाठवण्यात आले. ते तिथेच वाढले. सगळे एकमेकांना नावाने ओळखणारे, अडीअडचणीला शेजारी धावून येणारे असे ते गाव होते.

लहानपणी ते चांगलेच खोडकर होते. व्हरमाँट विद्यापीठातून १८८६ मध्ये रॅगिंगच्या एका प्रकरणात त्यांना काढून टाकण्यात आले. त्या प्रकरणात त्यांचा हात नव्हता, असे नंतर स्पष्ट झाले. पुढे याच विद्यापीठाने त्यांना मानद पदवी दिली. मधल्या काळात ते प्रिन्स्टनला गेले, पण आजोबांच्या निधनामुळे तेही शिक्षण सुटले. अखेर १८९१ मध्ये आयोवा विद्यापीठातून त्यांनी कायद्याची पदवी मिळवली.

वकिली लगेच सुरू करायची नाही, आधी पाच वर्षे जग पाहायचे, असे त्यांनी ठरवले. या पाच वर्षांत ते वार्ताहर झाले, फळे तोडायला गेले, नाटक कंपनीत उभे राहिले, घोड्यावर बसून गुरे राखली, हॉटेलात रात्रपाळीचे कारकून झाले. संगमरवर विकत फिरले आणि गुरे वाहून नेणाऱ्या जहाजावर राबत इंग्लंडलाही जाऊन आले. हातात पैसा फारसा राहिला नाही, पण नाना तऱ्हेच्या माणसांशी बोलायची सवय लागली. १८९६ मध्ये ते शिकागोत आले आणि वकिलीची पाटी लावली.

क्लबची कल्पना कुठून आली?

याचे सरळ उत्तर आहे, एकटेपणातून. १८८० मध्ये शिकागोची लोकसंख्या सुमारे पाच लाख होती. १९०० पर्यंत ती सुमारे १७ लाखांवर गेली. शहर झपाट्याने फुगत होते, पण खेड्यातून आलेल्या माणसाला ओळखीचे कोणी नव्हते. आठवडाभर अशिलांची ये-जा असायची, रविवार मात्र खायला उठायचा. नोकरीसाठी गाव सोडून पुण्या-मुंबईत खोली घेऊन राहिलेल्या कोणालाही हा अनुभव सांगावा लागणार नाही.

१९०० मध्ये एका वकील मित्राकडे ते जेवायला गेले होते. जेवणानंतर दोघे फेरफटका मारायला निघाले. तो मित्र वाटेतल्या प्रत्येक दुकानदाराशी नावाने बोलत होता, हॅरिस यांची ओळख करून देत होता. वॉलिंगफोर्डमध्ये जे आपोआप घडायचे, ते मोठ्या शहरात ठरवून घडवता येईल का, हा विचार तेव्हा त्यांच्या डोक्यात आला. तो प्रत्यक्षात यायला मात्र आणखी पाच वर्षे लागली.

२३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोच्या डिअरबॉर्न स्ट्रीटवरील युनिटी बिल्डिंगमध्ये, खोली क्रमांक ७११ मध्ये चौघे जमले. वकील पॉल हॅरिस, खाण अभियंता गस्टेव्हस लोहर, कोळशाचे व्यापारी सिल्व्हेस्टर शील आणि शिंपीकामाचा व्यवसाय असलेले हायरम शोरी. खोली लोहर यांच्या कचेरीची होती. पुढची बैठक दुसऱ्याच्या कचेरीत, त्यापुढची तिसऱ्याच्या. बैठकीची जागा अशी आळीपाळीने फिरायची म्हणून नाव पडले ‘रोटरी’. लवकरच छपाईचा व्यवसाय करणारे हॅरी रगल्स आले. बैठकीत गाणी म्हणायची प्रथा त्यांनीच पाडली.

सुरुवातीला समाजसेवा होती का?

नव्हती. प्रत्येक व्यवसायातला एकच सदस्य घ्यायचा, असा नियम होता. त्यामुळे क्लबमध्ये कोणी कोणाचा स्पर्धक नसे आणि सगळे निर्धास्तपणे एकमेकांना काम देत. कोळसा शीलकडून, कपडे शोरीकडून, कोर्टाचे काम हॅरिसकडे. कोणी कोणाला किती धंदा दिला याची नोंद ठेवणारा एक सदस्यही नेमलेला होता. आजच्या भाषेत हे ‘बिझनेस नेटवर्किंग’ होते.

वळण आले १९०६ मध्ये. पेटंटचे काम करणारे वकील डोनाल्ड कार्टर यांना सदस्य होण्याचे निमंत्रण मिळाले. त्यांनी क्लबचे नियम वाचले आणि नकार दिला. जो क्लब फक्त आपल्या सदस्यांचे भले पाहतो आणि शहरासाठी काहीच करत नाही तो टिकणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. हॅरिस यांना ते पटले. क्लबच्या उद्देशांत शहराच्या हिताचे कलम घालण्यात आले आणि कार्टर सदस्य झाले.

पहिले काम शौचालयाचेच का?

१९०७ मध्ये हॅरिस क्लबचे अध्यक्ष झाले आणि शहरासाठी नेमके काय करायचे हा प्रश्न समोर आला. शिकागोच्या मध्यवर्ती भागात रोज हजारो लोक कामाला येत, पण सार्वजनिक शौचालय नव्हते. पुरुषांनी दारूच्या गुत्त्यात जावे आणि बायकांनी मोठ्या दुकानांत, अशी रीत पडलेली होती. अर्थात आत गेल्यावर काहीतरी विकत घेणे ओघाने आलेच.

त्यामुळे विरोधही तिथूनच झाला. सोय आमच्याकडे आहेच, शहराने वेगळा खर्च कशाला करायचा, असे मद्यव्यावसायिक आणि दुकानदार सांगू लागले. गिऱ्हाईक तुटण्याची भीती त्यामागे होती.

हॅरिस यांनी इथे जे केले ते महत्त्वाचे आहे. क्लबने वर्गणी काढून स्वतःचे शौचालय बांधले नाही. शहरातल्या इतर संस्थांना आणि अधिकाऱ्यांना त्यांनी एका टेबलाभोवती बसवले आणि सुमारे दोन वर्षे पाठपुरावा केला. शेवटी महापालिकेने पैसे मंजूर केले आणि सिटी हॉलजवळ शौचालय उभे राहिले. बांधले पालिकेने, म्हणजे निगा राखायची जबाबदारीही पालिकेची.

शंभर वर्षांनी मुंबईत ‘राइट टू पी’ मोहिमेतल्या कार्यकर्त्यांना महिलांच्या मोफत आणि स्वच्छ मुतारीसाठी पालिकेशी असेच झगडावे लागले. प्रश्न किती साधा दिसतो आणि किती चिवट असतो, हे यावरून कळते.

हॅरिस यांना क्लबमधून पाठिंबा होता का?

पूर्ण नव्हता. बऱ्याच सदस्यांना आपला क्लब छोटा आणि मजेचाच हवा होता. समाजकार्य आणि दुसऱ्या शहरांत विस्तार हे हॅरिस यांचे खूळ आहे, अशी कुरबुर सुरू झाली. १९०८ मध्ये त्यांनी शिकागो क्लबचे अध्यक्षपद सोडले, विस्ताराचे काम मात्र सुरू ठेवले. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत दुसरा क्लब निघाला. १९१० मध्ये १६ क्लबांची राष्ट्रीय संघटना झाली आणि हॅरिस तिचे पहिले अध्यक्ष झाले. त्याच वर्षी एडिंबराहून आलेल्या जीन थॉमसन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढच्या दोन वर्षांत कॅनडा, आयर्लंड आणि इंग्लंडमध्ये क्लब पोहोचले.

कामाच्या ताणाने तब्येत ढासळल्यावर १९१२ नंतर हॅरिस बाजूला झाले. संघटनेची रोजची घडी सचिव चेस्ली पेरी यांनी १९४२ पर्यंत सांभाळली. हॅरिस नंतर जगभर फिरले आणि जातील तिथे मैत्रीची झाडे लावत राहिले. अपंग मुलांसाठी काम करणाऱ्या संघटनेतही ते सक्रिय होते.

२७ जानेवारी १९४७ रोजी शिकागोत त्यांचे निधन झाले. फुलांऐवजी रोटरी फाउंडेशनला देणगी द्यावी, अशी त्यांची इच्छा होती. याच फाउंडेशनला १९१८ मध्ये पहिली देणगी मिळाली होती ती अवघ्या साडेसव्वीस डॉलरची. हॅरिस गेल्यानंतर दहा लाख डॉलरहून अधिक रक्कम जमली आणि त्यातून पहिल्या १८ विद्यार्थ्यांना परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती मिळाली.

भारतात काय घडले?

कोलकात्यात १९१९-२० च्या सुमारास क्लब सुरू झाला, मुंबईत १९२९ मध्ये. पण सर्वसामान्य भारतीयांच्या घरापर्यंत रोटरी पोहोचली ती पोलिओच्या दोन थेंबांबरोबर. १९७९ मध्ये फिलिपिन्समधल्या मुलांना लस देण्यापासून या कामाला सुरुवात झाली. १९८५ मध्ये रोटरीने जगभरासाठी मोहीम जाहीर केली आणि १९८८ मध्ये जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ यांच्यासोबत मोठी आघाडी उभी राहिली.

भारतात १९९५ पासून पल्स पोलिओचे रविवार सुरू झाले. लस, शीतपेट्या आणि आरोग्यसेविका सरकारच्या. बूथवर थांबणे, वस्तीत जाऊन आई-वडिलांची समजूत काढणे यात क्लबांचे स्वयंसेवकही होते. २००९ मध्ये जगातले जवळपास निम्मे, म्हणजे ७४१ रुग्ण भारतात होते. शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. इथेही सूत्र शिकागोतलेच होते. यंत्रणा सरकारची, आणि तिला कमी पडेल तिथे खांदा क्लबचा.

टीका कशावर होते?

रोटरीत स्त्रियांना अनेक दशके प्रवेश नव्हता. कॅलिफोर्नियातील दुआर्ते क्लबने १९७७ मध्ये तीन महिलांना सदस्य केले, तर त्या क्लबची मान्यताच काढून घेण्यात आली. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९८७ मध्ये निकाल महिलांच्या बाजूने लागला आणि १९८९ मध्ये रोटरीने जगभर नियम बदलला. ओळखीची गावकी शहरात आणू पाहणाऱ्या हॅरिस यांच्या क्लबने निम्म्या गावाला दाराबाहेर ठेवले होते, हे विसरता येत नाही.

दुसरी अडचण आजही आहे. क्लबचा अध्यक्ष १ जुलैला येतो आणि वर्षभरात जातो. प्रत्येकाला आपल्या वर्षात नवे काहीतरी उभारायचे असते. मग आदल्या वर्षीच्या जलशुद्धीकरण यंत्राचा फिल्टर कोण बदलणार, हा प्रश्न कोणाचाच राहत नाही.

मग आपल्या गावातल्या क्लबकडे कसे पाहायचे?

रक्तदान शिबिर, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, शाळेतले हात धुण्याचे नळ, ही सगळी कामे गरजेचीच आहेत. पण कोनशिला मोजून क्लब कळत नाही. काम कोणी सुचवले, नगरपालिका किंवा ग्रामपंचायत त्यात सामील आहे का आणि तीन वर्षांनी त्याची देखभाल कोण करणार, एवढे तीन प्रश्न विचारून पाहावेत. क्लबकडे पैसा असतो तशी वेगवेगळ्या व्यवसायांतली माणसेही असतात. वकील अर्ज लिहू शकतो, अभियंता आराखडा तपासू शकतो, डॉक्टर आरोग्य अधिकाऱ्याला फोन करू शकतो. शिकागोतल्या त्या शौचालयासाठी हॅरिस यांना कामी आली ती हीच ओळखीपाळखीची ताकद आणि दोन वर्षांची चिकाटी.