चौदा चित्रांचे पन्नास हजार : राजा रविवर्मा यांची गोष्ट

२ ऑक्टोबर म्हटलं की गांधी जयंती. पण याच तारखेला १९०६ साली राजा रविवर्मा गेले, हे फारसं कुणाच्या ध्यानात नसतं. कमळावर उभी लक्ष्मी, वीणा घेतलेली सरस्वती, देवघरातल्या अशा कितीतरी तसबिरी त्यांच्याच हातच्या चित्रांवरून आलेल्या आहेत.

रविवर्मांचा जन्म २९ एप्रिल १८४८ चा, केरळातल्या किळीमानूर गावचा. नावात राजा असला तरी ते काही गादीवरचे राजे नव्हते. घराण्याची त्रावणकोरच्या राजघराण्याशी सोयरीक होती एवढंच. मामा चित्रं काढायचे, त्यामुळे रंगांची ओळख घरातच झाली. चौदाव्या वर्षी ते त्रिवेंद्रमच्या दरबारात आले. तिथल्या रामस्वामी नायडू या चित्रकाराने तैलरंगाची विद्या शिकवायला साफ नकार दिला. पुढे थिओडोर जेन्सन नावाचा परदेशी चित्रकार आला. त्यानेही शिकवलं नाही, फक्त काम करताना बघू दिलं. रविवर्मा बघून बघूनच शिकले.

अशा घरातल्या माणसाने पैसे घेऊन चित्र काढायचं म्हणजे त्या काळी कमीपणा वाटायचा. चित्र द्यावं आणि राजा खूश होऊन देईल ते घ्यावं, अशी रीत. १८७० मध्ये रविवर्मा कोल्लूरच्या मूकांबिकेच्या दर्शनाला गेले. त्याच सुमारास कालिकतचे न्यायाधीश कृष्ण मेनन यांच्या कुटुंबाचं चित्र त्यांनी काढून दिलं. पैसे घेऊन केलेलं त्यांचं हे पहिलं काम मानतात. तिथून चित्र हा त्यांचा धंदा झाला.

गिऱ्हाईक सांगेल ते चित्र काढून द्यायचं तर पैसे मागायचे किती, हा प्रश्न आजच्या पेंटरलाही सुटत नाही. माणसाच्या चित्राचा भाव त्या काळी आकारावर चाले. नुसता चेहरा असेल तर कमी, कमरेपर्यंत असेल तर जास्त, पूर्ण उभा असेल तर त्याहून जास्त. पण पुराणातल्या प्रसंगाला हे माप कसं लावणार? समोर बसायला ना दमयंती येणार, ना हरिश्चंद्र.

हा हिशोब बडोद्यात झाला. तिथले दिवाण सर टी. माधवराव आधी त्रावणकोरला दिवाण होते, मूळचे तंजावरकडचे मराठी. त्यांना रविवर्मांचं काम ठाऊक होतं. महाराज सयाजीराव गायकवाड तर नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातून दत्तक गेलेले. १८८१ मध्ये सयाजीरावांच्या हाती कारभार आला तेव्हा रविवर्मांनी बडोद्यात व्यक्तिचित्रं केली. मग १८८८ मध्ये मोठं काम मिळालं. रामायण, महाभारत आणि पुराणांतले प्रसंग, एकूण चौदा चित्रं, दाम पन्नास हजार रुपये. एका चित्राला साडेतीन हजारांच्या वर पडले.

आकडा ऐकून लोकांचे डोळे फिरले असतील. पण त्यात काय काय आलं ते बघा. धाकटा भाऊ राजा राजवर्मा बरोबर असायचा. चित्रामागचे डोंगर, झाडं, आभाळ यांत त्याचा हात असे आणि पत्रव्यवहारही तोच बघे. म्हणजे मजुरी दोन माणसांची. दोघं भाऊ आधी उत्तर हिंदुस्थानात फिरले, जुन्या काळचा पोशाख कसा असेल ते शोधायला. एकसारखं काही सापडलं नाही, म्हणून शेवटी साडीच धरली. त्यांच्या कितीतरी बायका आपल्या नऊवारीत दिसतात त्या यामुळे. रंग विलायतचे. चौदा चित्रं पुरी व्हायला १८९० उजाडलं. एवढं सगळं धरलं तर पन्नास हजार काही फुकटचे नव्हते.

ती चित्रं लोकांसाठी मांडली तेव्हा गर्दी लोटली. पण विकत घेणार कोण? मूळ चित्र फक्त राजेरजवाडे घेऊ शकत. छापून स्वस्तात विका, असं माधवरावांनी आधीच सुचवलं होतं. १८९४ मध्ये मुंबईत छापखाना सुरू झाला. यंत्रं आणि कारागीर जर्मनीचे, प्रत्येक रंगाला वेगळा दगड. त्यानंतर मुंबईत प्लेग आला. छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला नेला. तसबिरी घरोघरी गेल्या, पण छापखान्यावर कर्ज चढत गेलं. दुसऱ्यांनी नकला छापून विकल्या ते वेगळंच. अखेर फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला छापखाना विकावा लागला, चित्रं छापायच्या हक्कासकट. पुढे लाखो घरांत लक्ष्मी पोचली, पण तिचा पैसा रविवर्मांकडे येणं बंद झालं होतं.

पक्का करार नसला की मोठ्या माणसाचंही काय होतं, ते हैदराबादला दिसलं. १९०२ मध्ये दोघं भाऊ निजामाच्या कामाच्या आशेने तिथे गेले. प्रसिद्ध फोटोग्राफर राजा दीनदयाळ यांच्याकडे उतरले. बरेच दिवस वाट बघितली, पण मनासारखं काम पदरात पडलं नाही. वाट बघण्याची मजुरी कोण देतो!

म्हैसूरच्या महाराजांनी मात्र नऊ पौराणिक चित्रांचं काम दिलं. ते चालू असतानाच जानेवारी १९०५ मध्ये राजा राजवर्मा वारला. अर्धा हात गेला म्हणायचा. तरी रविवर्मांनी अंगावर घेतलेलं काम सोडलं नाही. मधुमेहाने शरीर थकलं होतं. पुढच्याच वर्षी किळीमानूरला त्यांनी डोळे मिटले.

मळवलीचा छापखाना १९७२ मध्ये आगीत जळाला. बडोद्याच्या कामातली चित्रं आजही तिथल्या महाराजा फतेहसिंह संग्रहालयात बघायला मिळतात.