गुलामाच्या हाती अक्षर आले तेव्हा

नवदीक्षित बंधू-भगिनींनो,

जोतिराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहून ते पुस्तक अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केले. त्याच्या ऐंशी वर्षे आधी कॅरिबियन समुद्रातील एका बेटावर गुलामांनी आपल्याच बळावर बेड्या तोडल्या होत्या. त्यांचे पुढारी तूसाँ लुव्हेर्त्यूर यांची ही हकिकत आहे.

ती फ्रेंचांची वसाहत होती. तिथे ऊस आणि कॉफी पिकविण्यासाठी आफ्रिकेतून माणसे धरून आणीत आणि गुरांसारखी विकीत. १६८५ च्या फ्रेंच कायद्याने प्रत्येक गुलामाला ख्रिस्ती करणे सक्तीचे होते. म्हणजे देव एक झाला, पण चाबूक तसाच राहिला! समता न देणारा धर्म काय कामाचा, हे तुम्हांला वेगळे सांगायला नको.

तूसाँ १७४३ च्या सुमारास गुलामाच्या पोटी जन्मले. त्यांनी मळ्यावर जनावरे राखली, गाडी हाकली. गुलामाला अक्षर शिकविण्याची तिथे सोय नव्हती, तरी ते लिहावाचायला शिकले. त्यांचे फ्रेंच शुद्धलेखन अखेरपर्यंत कच्चेच होते. पण त्याची लाज धरून ते गप्प बसले नाहीत. लेखनिकांना मजकूर सांगत, आणि मनातला अर्थ नेमका उतरेपर्यंत कागद हातावेगळा करीत नसत.

१७९१ च्या ऑगस्टमध्ये उठाव झाला. त्यातून तूसाँ सेनापती झाले. १७९४ साली फ्रान्सला गुलामगिरी रद्द करावी लागली. १८०१ साली तूसाँंनी वसाहतीची राज्यघटना जारी करून गुलामगिरी कायमची बंद केली. मात्र एक दोषही सांगितला पाहिजे. मुक्त झालेल्या मजुरांना त्यांनी लष्करी धाकाने त्याच मळ्यांवर राबविले.

पुढे नेपोलियनच्या सैन्याने त्यांना १८०२ साली दगा देऊन पकडले आणि फ्रान्समधील थंड डोंगरी किल्ल्यात डांबले. तिथे त्यांनी आपली कैफियत लिहिली, तेव्हा त्यांचे कागद-लेखणीही काढून घेण्यात आले. ७ एप्रिल १८०३ रोजी ते वारले. पण १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झाले.

त्या स्वातंत्र्याची किंमत फ्रान्सने १८२५ साली युद्धनौका उभ्या करून मागितली : १५ कोटी फ्रँक! पुढे रक्कम कमी झाली, तरी त्यापायी काढलेले कर्ज फिटायला १९४७ साल उजाडले. शाळांसाठी लागणारा पैसा असा परदेशी गेला. शिवाय सरकारी कागद फ्रेंचमध्ये आणि जनतेच्या तोंडी क्रिओल! क्रिओलला राजभाषेचा दर्जा मिळाला तो १९८७ साली. आपल्याच मुक्तीचे कागद बहुसंख्य लोकांना वाचता येत नव्हते.

बंधू-भगिनींनो, पुढारी वाचतो एवढ्यावर समाज तरत नाही. तुम्ही बावीस प्रतिज्ञा घेतल्या आहेत. त्या तुमच्या घरातील म्हाताऱ्या आईला, सुनेला, लेकीला स्वतःच्या डोळ्यांनी वाचता येतात काय? येत नसतील तर आज रात्रीच दिव्याजवळ पाटी घेऊन बसा.

जय भीम!