कॉलऱ्याचे कारण आकड्यांतून शोधणारे डॉ. जॉन स्नो

इंग्लंडमधील यॉर्क येथे १५ मार्च १८१३ रोजी एका मजुराच्या घरी डॉ. जॉन स्नो यांचा जन्म झाला. भूलतज्ज्ञ म्हणून त्यांची ख्याती होती. १८५३ मध्ये राणी व्हिक्टोरिया यांच्या प्रसूतीसमयी त्यांनीच क्लोरोफॉर्म दिले होते.

कॉलरा दूषित हवेमुळे होतो, असा त्या काळी समज होता. तो पाण्यातून पसरतो, असे मत स्नो यांनी १८४९ मध्ये मांडले. मात्र पुरावा अपुरा होता. १८५४ च्या साथीत तो मिळाला. दक्षिण लंडनमध्ये शेजारशेजारच्या घरांना दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे पाणी येत असे. हवा आणि वस्ती एकच, फरक केवळ पाण्याचा. लॅम्बेथ कंपनी १८५२ पासून थेम्सच्या वरच्या भागातील स्वच्छ पाणी घेत होती. सदर्क अँड व्हॉक्सहॉल कंपनीच्या पाण्यात मात्र शहराचे सांडपाणी मिसळत होते. मृतांच्या घरी कोणाचे पाणी येते, याची स्नो यांनी दारोदार चौकशी केली. पहिल्या सात आठवड्यांत दर दहा हजार घरांमागे सदर्कच्या ग्राहकांत ३१५, तर लॅम्बेथच्या ग्राहकांत ३७ मृत्यू आढळले.

तरीही बहुतेक वैद्यकीय जाणकारांना हे पटले नाही. १६ जून १८५८ रोजी वयाच्या ४५ व्या वर्षी स्नो यांचे निधन झाले. पुढे १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांना कोलकात्यातील एका तलावाच्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू सापडले आणि स्नो यांच्या निष्कर्षास बळकटी मिळाली. आज त्यांची गणना साथरोगशास्त्राच्या प्रवर्तकांमध्ये होते.