मेंदूच्या लहरी टिपणारे डॉ. हान्स बर्गर



अचानक बंद पडलेले हृदय डॉक्टर पुष्कळदा पुन्हा सुरू करतात, पण रुग्ण शुद्धीवर येतच नाही. तो उठेल की त्याचा मेंदू कायमचा गेला? घरच्यांच्या जिवाला हाच घोर असतो. या प्रश्नाचे उत्तर शोधताना डोक्याला तारा लावून मेंदूचा आलेख काढतात. त्या ईईजीचे जनक डॉ. हान्स बर्गर यांचा हा परिचय.

बर्गर यांचा जन्म २१ मे १८७३ रोजी जर्मनीत, कोबुर्ग शहराजवळ झाला. वडील डॉक्टर होते. आईचे वडील म्हणजे कवी र्‍युकर्ट, ज्यांनी आपले नल-दमयंती आख्यान आणि गीतगोविंद जर्मन भाषेत नेले.

तरुण हान्सला आकाशातील ताऱ्यांचा अभ्यास करायचा होता. मात्र सैन्यात असताना ते घोड्यावरून थेट तोफगाड्यासमोर पडले. गाडा ऐनवेळी थांबला म्हणून वाचले. त्याच दिवशी वडिलांची तार आली. दूर घरी असलेल्या बहिणीला भाऊ संकटात असल्याचे जाणवले होते. एका मनातले दुसऱ्या मनाला कसे कळते, या प्रश्नाने त्यांना वैद्यकशास्त्राकडे वळवले.

१८९७ पासून येना येथील मनोरुग्णालयात त्यांनी नोकरी केली आणि संशोधनही चालू ठेवले. १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूतील विद्युत लहरींची पहिली नोंद त्यांनी केली. पाच वर्षे त्या पुन्हा पुन्हा तपासल्या, स्वतःच्या मुलावरही प्रयोग केले आणि १९२९ मध्ये निष्कर्ष छापले. विद्वानांनी विश्वास ठेवला नाही. १९३४ मध्ये केंब्रिजच्या एड्रियन यांनी तोच प्रयोग केला, तेव्हा कुठे जगाला पटले. मनाचा संदेश मात्र त्यांना कधीच सापडला नाही.

त्यांच्या चरित्राची एक काळी बाजूही सांगितली पाहिजे. नाझी राजवटीत रुग्णांच्या सक्तीच्या नसबंदीचे निकाल देणाऱ्या न्यायालयात ते बसले होते. शेवटी नैराश्याने ग्रासलेल्या बर्गर यांनी १ जून १९४१ रोजी आपले जीवन संपवले.

हृदय थांबले की अर्ध्या मिनिटाच्या आत या लहरी मावळतात. त्या लवकर परतल्या तर आशा वाढते. पण गुंगीच्या औषधाने किंवा शरीर फार थंड पडल्यानेही रेषा सपाट होऊ शकते. म्हणून डॉक्टर साधारण ७२ तास तरी थांबतात आणि बाहुल्यांची हालचाल, मेंदूचे चित्र अशा इतर तपासण्यांशी आलेख जुळवून पाहतात. आपल्या देशात १९९४ च्या कायद्याप्रमाणे मेंदूमृत्यू ठरविताना ईईजीची सक्ती नाही. चार डॉक्टरांचे मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करते.

पालकहो, एका रेषेवरून कुणाच्या आयुष्याचा निकाल लावायचा नसतो, हे आजचे वैद्यकशास्त्र जाणते. बर्गर यांनी यंत्रासमोर पाच वर्षे धीर धरला, पण न्यायालयात बसताना समोरच्या माणसाकडे पाहिले नाही. मुलांनो, त्यांची चिकाटी जरूर घ्या, आणि तिच्या जोडीला माणुसकी कधी सोडू नका.